ऑक्टेव्हचा हट्ट सोडा: चिपवरच्या फ्रिक्वेन्सी कोमने लेसरची वारंवारता मोजताना

प्रश्न गोव्यातल्या ताळगाव पठारावरच्या एका प्रयोगशाळेचा आहे. त्यांच्याकडे सिलिकॉन नायट्राइडच्या रिंगची चिप आहे, तिच्यातून निघणाऱ्या कोमच्या प्रकाशरेषांमधले अंतर साधारण १०० गिगाहर्ट्झ. सोबत १५५० नॅनोमीटरच्या आसपास फिरणारा ट्यूनेबल लेसर आणि २ वॅटचा एर्बियम ॲम्प्लिफायर आहे. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीवरच्या, हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजण्यासाठी १५७२ नॅनोमीटरचा लेसर वापरायचा आहे आणि त्याची नेमकी वारंवारता चिपवरच्या कोमने मोजायची आहे. अडचणी अशा: ऑप्टिकल स्पेक्ट्रम ॲनालायझरवर, म्हणजे ओएसएवर, कोम सुरेख दिसतो, पण बीट, म्हणजे दोन प्रकाशरेषांच्या वारंवारतेतल्या फरकाचा संकेत, घेतला की पसरट डोंगर येतो. कधी सॉलिटॉन, म्हणजे रिंगमध्ये आकार न बदलता फिरत राहणारा प्रकाशस्पंद, दिसतो आणि डोळ्यांदेखत निघून जातो. ऑक्टेव्हभर, म्हणजे एका वारंवारतेपासून तिच्या दुपटीपर्यंत, पसरणारा कोम देणारी नवी चिप मागवावी का? आणि पावसाळ्यात यातले काही चालेल का?

आधी ऑक्टेव्हचे बोलू, कारण पैसा आणि वर्ष तिथेच वाया जाते. नवी चिप मागवू नका.

कोम म्हणजे फणीच्या दातांसारख्या समान अंतरावरच्या प्रकाशरेषा. कोणत्याही रेषेची वारंवारता दोन आकड्यांतून निघते: रेषांमधले अंतर आणि सगळ्या फणीचा शून्यापासूनचा सरकाव. हा सरकाव थेट मोजायचा तर कोम एक ऑक्टेव्ह रुंद हवा, म्हणजे लांब टोकाच्या रेषेची वारंवारता दुप्पट करून ती आखूड टोकाच्या रेषेशी ताडता येते. जॉन हॉल आणि थिओडोर हॅन्श यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले त्यामागे हेच तंत्र आहे, पण ते मोठ्या टेबलावरच्या लेसरांनी केलेले. चिपवर ऑक्टेव्ह हवा तर रिंग फार लहान करावी लागते, त्रिज्या साधारण २३ मायक्रॉन. मग रेषांमधले अंतर १ टेराहर्ट्झ होते, आणि ते कोणत्याही फोटोडायोडला थेट दिसत नाही. सरकावाचा बीटही काही शे गिगाहर्ट्झवर कुठेही जाऊन बसू शकतो. म्हणूनच २०१८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या बोल्डर प्रयोगशाळेतून हवी ती प्रकाशवारंवारता तयार करणारे जे चिप-आधारित यंत्र (ऑप्टिकल फ्रिक्वेन्सी सिंथेसायझर) पुढे आले, त्यात १ टेराहर्ट्झचा कोम आणि २२ गिगाहर्ट्झचा दुसरा कोम एकमेकांना बांधावे लागले. एका छोट्या गटाने पहिल्याच वर्षी उचलावे असे ते काम नाही.

तुमची गरज पाहा. हवेच्या दाबाला कार्बन डायऑक्साइडची १५७२ नॅनोमीटरजवळची शोषणरेषा साधारण ४ गिगाहर्ट्झ रुंद असते. लेसरची वारंवारता काही मेगाहर्ट्झपर्यंत कळली तरी ती रेषेच्या रुंदीचा हजारावा भाग झाली. एवढ्यासाठी सरकाव मोजण्याची गरजच नाही. पंप, म्हणजे रिंगला उजेड पुरवणारा लेसर, हीही कोमची एक रेषाच असते. तो एखाद्या वायूच्या ज्ञात आण्विक शोषणरेषेवर बांधून टाकला (लॉक केला) की बाकीच्या सगळ्या रेषा ‘पंप अधिक-उणे पूर्णांक गुणिले अंतर’ एवढ्यात मिळतात. त्यासाठी ॲसिटिलीन आहेच. कार्बन-१३ च्या ॲसिटिलीनची १५४२.३८४ नॅनोमीटरची रेषा आंतरराष्ट्रीय शिफारशीत आहे. तिची वारंवारता १,९४,३६९.५६९३८४ गिगाहर्ट्झ. शिवाय या पद्धतीत चूक कमी पटींनी वाढते. शून्यापासून मोजले तर तुमच्या कोमची रेषा १९०० च्या पुढच्या क्रमांकाची, म्हणजे अंतरातली १ हर्ट्झ चूक १९०० हर्ट्झ होऊन बसते. पंपापासून मोजले तर १५७२ नॅनोमीटरपर्यंत फक्त ३७ पावले.

(केवळ हा एकच लेसर एकाच रेषेवर ठेवायचा असेल तर कार्बन डायऑक्साइडची सेल (वायू भरलेली बंद नळी) घ्या, ती कितीतरी स्वस्त पडेल. रेषेच्या उतारावर, रेषेबाहेर किंवा दोन-तीन वेगवेगळ्या लेसरांवर मोजायचे असेल तिथे कोमचा खर्च वसूल होतो.)

आता पसरट बीटचे. तुम्ही जे पाहताय तो कोम आहे, पण सुसंगत कोम नाही. चिपवरचे कोम पहिल्यांदा २००७ साली गार्शिंगच्या माक्स प्लांक संस्थेत दिसले आणि पुढची काही वर्षे सगळ्यांनाच हाच गोंधळ पडला होता. पंप रिंगमध्ये शिरला की आधी काही दूरदूरच्या रेषा उगवतात, मग त्यांच्यामधली जागा भरते, आणि ओएसएवर दाट, भरगच्च चित्र येते. त्या अवस्थेत रेषांचे एकमेकांशी असलेले नाते सतत बदलत असते. ओएसएची भेदक्षमता ०.०२ नॅनोमीटर, म्हणजे २.५ गिगाहर्ट्झ, त्याला हा गोंगाट दिसणे शक्यच नाही. कोमचा प्रकाश, पंप गाळून, साध्या फोटोडायोडवर टाका आणि आरएफ (रेडिओ वारंवारतेच्या) ॲनालायझरवर ० ते १ गिगाहर्ट्झ पाहा. पायाची रेषा वर उचललेली दिसली तर तो गोंगाटाचा कोम. सॉलिटॉन आला की ही पातळी एकदम डायोडच्या स्वतःच्या गोंगाटापर्यंत खाली बसते, ओएसएवर मधे टोकदार आणि दोन्हीकडे गुळगुळीत उतरणारी कमान दिसते, आणि रिंगबाहेर येणारी कोमची एकूण शक्ती पायरी उतरल्यासारखी कमी होते. ही तीनही चिन्हे एकत्र दिसल्याशिवाय मोजणीला हात घालू नका. कमानीवर खाचा आणि लाटा असतील तर रिंगमध्ये एकाहून जास्त सॉलिटॉन आहेत. तोही कोम सुसंगत असतो, पण काही रेषा इतक्या खोल जातात की नेमकी तुम्हाला हवी तीच हाती लागत नाही.

रिंगची खरी ओळख करून घेतल्याशिवाय शक्ती वाढवू नका. लेसर १०० मायक्रोवॅटच्या खाली ठेवून संपूर्ण पट्ट्यात स्वीप करा आणि सोबत फायबरचा असमान भुजांचा इंटरफेरोमीटर नोंदवा. दोन भुजांच्या लांबीत १ मीटर फरक असला की त्याच्या पट्ट्या साधारण २०० मेगाहर्ट्झ अंतरावर येतात. लेसरचा स्वीप वाकडातिकडा असला तरी यावरून अक्ष सरळ करता येतो. यातून रिंगची तीन गुपिते कळतात: रेझोनन्समधले (रिंग ज्या वारंवारतांचा उजेड आत साठवते त्यांच्यातले) अंतर, त्या अंतरात तरंगलांबीबरोबर होणारा बदल, आणि रेझोनन्सची रुंदी. अंतर वारंवारतेबरोबर वाढत गेले पाहिजे, तरच तेजस्वी सॉलिटॉन शक्य. त्यासाठी नायट्राइडचा थर जाड लागतो, ७५० ते ८०० नॅनोमीटर, वेव्हगाइडची रुंदी दीड-दोन मायक्रॉन. असा थर अंतर्गत ताणामुळे तडकतो म्हणून सगळीकडे बनत नाही. चिप ३०० किंवा ४०० नॅनोमीटर थराची असेल तर सॉलिटॉनचा नाद इथेच सोडा आणि योग्य चिप आणा; स्वित्झर्लंडची लिजेंटेक ८०० नॅनोमीटरच्या थरावर सामाईक वेफरमध्ये जागा देते.

रुंदीवरून शक्तीचा अंदाज येतो. रुंदी १९० मेगाहर्ट्झच्या आसपास असेल तर क्यू (रेझोनन्सच्या तीक्ष्णतेचे माप) सुमारे १० लाख आणि कोम सुरू होण्याचा उंबरठा वेव्हगाइडमध्ये चाळीस-पन्नास मिलिवॅट. रुंदी ९५-१०० मेगाहर्ट्झ असेल तर क्यू २० लाख आणि उंबरठा दहा-पंधरा मिलिवॅट. उंबरठा क्यूच्या वर्गाने उतरतो. सॉलिटॉनसाठी उंबरठ्याच्या साधारण १० पट शक्ती धरा, म्हणजे दुसऱ्या उदाहरणात वेव्हगाइडमध्ये १०० ते १५० मिलिवॅट. चिपच्या कडेवर अडीच डेसिबल जात असतील तर फायबरमध्ये १८० ते २७० मिलिवॅट झाले. तुमचा २ वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण उघडायचे काही कारण नाही. जास्त शक्तीने सॉलिटॉन सोपा होत नाही, फक्त उष्णता वाढते.

याच स्वीपमध्ये पार्श्वभूमीवर सुमारे १४ गिगाहर्ट्झ अंतराच्या लाटा दिसल्या तर त्या रिंगच्या नाहीत. ५ मिलिमीटर लांबीच्या चिपच्या दोन कडांमधल्या परावर्तनाच्या आहेत. कडा तिरप्या नसतील तर त्या राहणारच, आणि त्यामुळे सारखी दिसणारी दोन रेझोनन्स वेगळी वागतात. ध्रुवीकरण नीट नसेल तर दुसऱ्याच कुळातली रेझोनन्स मधे मधे उगवतात. ध्रुवीकरण-नियंत्रकाचे पॅडल फिरवून ती नाहीशी होतील तिथे पॅडल चिकटपट्टीने पक्के करा. दोन कुळांची रेझोनन्स जिथे एकमेकांना छेदतात त्याच्या आसपासचे रेझोनन्स पंपासाठी घेऊ नका. तिथे सॉलिटॉन तग धरत नाही.

आता सॉलिटॉन का निसटतो ते. तुमच्या बहुतेक त्रासाचे मूळ इथेच आहे. सिलिकॉन नायट्राइडची रिंग १ अंश सेल्सिअस तापली की रेझोनन्स साधारण २.३ गिगाहर्ट्झने खाली सरकते. पंप आत शिरतो, थोडा शोषला जातो, रिंग तापते, रेझोनन्स पंपापुढे पळत राहते. म्हणून स्वीपमध्ये रेझोनन्स त्रिकोणी दिसते. सॉलिटॉन मात्र त्रिकोणाच्या पलीकडे, पंप रेझोनन्सच्या खाली गेल्यावरच जन्मतो. त्या क्षणी रिंगमधली शक्ती एकदम घटते, रिंग थंड होते, रेझोनन्स वर उसळते आणि पंपापासून इतकी दूर जाते की सॉलिटॉनला जगायला जागा उरत नाही. ही जागा किती अरुंद आहे ते पाहा. वर धरलेल्या ९७ मेगाहर्ट्झच्या रुंदीला आणि दहापट शक्तीला सॉलिटॉन साधारण २०० ते ६०० मेगाहर्ट्झ डिट्यूनिंगमध्ये (पंप आणि रेझोनन्स यांच्यातल्या फरकात) जगतो. ४०० मेगाहर्ट्झची खिडकी, म्हणजे तापमानात ०.१७ अंश. ट्यूनेबल लेसरच्या पिएझोने हळू स्वीप करून तिथे थांबणे म्हणजे नशिबावर भरवसा.

लेसर स्थिर ठेवा आणि रिंग हलवा. तुमच्या चिपवर रिंगच्या वर धातूचा हीटर असणार. लेसर आधीच ॲसिटिलीनवर बांधलेला आहे, त्याला हात लावायचा नाही. हीटरचा प्रवाह वाढवून रेझोनन्स लेसरच्या खाली नेऊन ठेवा. मग वेव्हफॉर्म जनरेटरने प्रवाह खाली आणा: रेझोनन्स वर येईल, लेसरला गाठेल, गोंगाटाचा कोम येईल, आणि पलीकडे गेल्यावर सॉलिटॉनची पायरी दिसेल. पायरी दिसते त्याच ठिकाणी प्रवाहाचा उतार उलटवून थोडा वर न्या. रिंग थंड होऊन जे निसटणार होते ते हीटरने भरून निघते. हा खाली-वर फेरा १०० ते २०० मायक्रोसेकंदांत व्हायला हवा. आधी फक्त उतार चालवून ऑसिलोस्कोपवर पायरीची जागा आणि लांबी पाहून घ्या, मग उलटण्याचा क्षण आणि उंची या दोनच गोष्टी बदलत जा. एका वेळी एकच. पायरीच दिसत नसेल तर शक्ती २० टक्के कमी-जास्त करून पाहा, नाही तर शेजारचे रेझोनन्स घ्या.

हीटरने जमत नसेल तर दुसरा उपाय पक्का आहे, फक्त आणखी एक लेसर लागतो. तो चिपच्या उलट दिशेने सर्क्युलेटरमधून (येणारा आणि जाणारा उजेड वेगळा करणाऱ्या भागातून) सोडा आणि दूरच्या एखाद्या रेझोनन्सच्या वरच्या अंगाला टेकवा. सॉलिटॉन जन्मून रिंग थंड व्हायला लागली की रेझोनन्स वर येते, म्हणजे या दुसऱ्या लेसरजवळ येते. तो जास्त आत शिरतो आणि गेलेली उष्णता परत देतो. मग हाताने नॉब फिरवूनही सॉलिटॉन मिळतो. याचा तोटा एवढाच की दुसऱ्या लेसरचा कमी-जास्तपणा रेषांच्या अंतरात उतरतो.

बरेच सॉलिटॉन आले तर ते एकेक करून गाळता येतात. हीटरचा प्रवाह अगदी हळू वाढवा, म्हणजे डिट्यूनिंग कमी होत जाईल. कोमची शक्ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरेल आणि शेवटची पायरी एका सॉलिटॉनची. त्यानंतर ती शक्तीच नियंत्रणाला द्या: कोमची शक्ती, पंप गाळून, एका डायोडवर मोजून ती स्थिर राहील असा हीटर चालवणारा फीडबॅक लावा. हे केले नाही तर संध्याकाळपर्यंत सॉलिटॉन टिकत नाही.

पंप बांधण्याची जोडणी. लेसरच्या उजेडातला १ टक्का ॲम्प्लिफायरच्या आधीच काढून ॲसिटिलीनच्या सेलकडे न्या. लेसरलाच थरथर देऊन रेषेचा मध्य शोधू नका. ती थरथर सगळ्या कोममध्ये जाते. सेलकडच्या फाट्यावर फेज मॉड्युलेटर (प्रकाशाची कला बदलणारा भाग) लावा आणि थरथर तिथेच द्या. सेल कमी दाबाची घ्या, कारण दाबाने रेषा रुंदावते आणि सरकतेही. सामान्य तापमानाला रेषेची डॉप्लर रुंदी (रेणूंच्या हालचालीमुळे येणारी) सुमारे ४५० मेगाहर्ट्झ असते. तिच्या मध्यावर एक-दोन मेगाहर्ट्झपर्यंत बसणे शक्य आहे, पण सेलच्या खिडक्यांमधली परावर्तने पार्श्वभूमी तिरकी करतात आणि लॉक बाजूला ओढतात. खिडक्या पाचरीच्या आकाराच्या असाव्यात. सेल बाजूला काढून तोच स्वीप नोंदवा आणि पार्श्वभूमी वजा करून पाहा, किती ओढले जातेय ते कळेल.

१५४२.३८४ च्या रेषेवर रिंगचे रेझोनन्स आणायला वाईटात वाईट स्थितीत पूर्ण एक अंतर, म्हणजे ४३ अंश, सरकावे लागेल. इतके ताणू नका. ॲसिटिलीनच्या शेजारच्या रेषा साधारण ७० गिगाहर्ट्झ अंतरावर आहेत आणि तुमची रेझोनन्स १०० वर. दोन्हींची वाटणी वेगळी असल्यामुळे दोन-चार अंशांत जुळणारी एखादी जोडी सापडतेच. तिची प्रकाशित वारंवारता घ्या आणि पुढचा हिशेब त्यावर करा.

इथे गोव्याच्या हवेचा मुद्दा येतो. पावसाळ्यात दवबिंदू २४-२५ अंशांवर असतो. परदेशी मांडणी पाहून चिप २० अंशांवर ठेवली तर तिच्यावर आणि लेन्स्ड फायबरच्या (चिपमध्ये उजेड सोडणाऱ्या, भिंगासारखे टोक असलेल्या फायबरच्या) टोकावर पाणी धरते. चिपचे तापमान ३५ ते ४५ अंशांत ठेवा, पेल्टियर फक्त तापवण्याच्या दिशेने चालेल असे. थर्मिस्टर चिपच्या अगदी खाली, १० किलोओहमचा, आणि स्थिरता ५ मिलिअंशांच्या आत. चिप, फायबरची टोके आणि स्टेज यांवर ॲक्रिलिकची पेटी, आत कोरडा नायट्रोजन हलकेच सोडलेला. समुद्रावरच्या वाऱ्यातले मीठ कडांवर बसते, आणि मिठाच्या कणावर पाव वॅट उजेड पडला की कड जळते. रोज शक्ती वाढवण्याआधी सूक्ष्मदर्शकातून कड पाहा. लेन्सवर बुरशी धरू नये म्हणून न वापरलेली ऑप्टिक्स तापत्या दिव्याच्या कपाटात ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या जून-जुलैत आठवड्यातच भरतात.

एसीचा त्रास ओलाव्याहून मोठा आहे आणि तो लक्षात येत नाही. ॲल्युमिनियमचा १० सेंटिमीटर भाग १ अंशाने २.३ मायक्रॉन वाढतो. लेन्स्ड फायबरचा ठिपका अडीच मायक्रॉनचा. अर्धा मायक्रॉन सरकला तर ०.७ डेसिबल जातात, एक मायक्रॉन सरकला तर जवळजवळ ३. कॉम्प्रेसर चालू-बंद होताना दहा-पंधरा मिनिटांच्या लयीत पंपशक्ती वर-खाली होते, रिंगचे तापमान बदलते आणि सॉलिटॉन खिडकीबाहेर पडतो. सॉलिटॉन ठरावीक वेळाने जातोय असे दिसले तर लेसरमध्ये दोष शोधण्याआधी कॉम्प्रेसरच्या वेळा नोंदवा. इन्व्हर्टर एसी, वारा टेबलापासून वळवलेला, आणि शक्य असेल तर फायबर चिपला कायमचे चिकटवलेले पॅकेज. चिकटवताना आर्द्रता सोसणारा गोंद मागा. साधा यूव्ही गोंद ओलाव्याने फुगतो आणि काही महिन्यांनी कपलिंग, म्हणजे फायबरमधून चिपमध्ये शिरणारा उजेड, उतरते.

वीज गेली की काय होते त्याचीही तजवीज हवी. वीज परत आल्यावर ॲम्प्लिफायर आधी आणि लेसर नंतर सुरू झाला तर बीजप्रकाशाविना ॲम्प्लिफायर स्वतःच स्पंद सोडू शकतो, आणि एका स्पंदात फायबरचे टोक किंवा चिपची कड जाते. ॲम्प्लिफायरच्या पंप डायोडला असा इंटरलॉक द्या की आत येणारा प्रकाश १ मिलिवॅटच्या खाली गेला तर तो बंद होईल आणि हाताने सुरू केल्याशिवाय परत लागणार नाही. यूपीएसवर लेसर, तापनियंत्रक आणि १० मेगाहर्ट्झचा संदर्भ-दोलक हे तिघे आधी घ्या. ॲम्प्लिफायर बंद पडला तरी चालेल.

आता मोजणी. चिपबाहेर आल्यावर पंप फायबर ब्रॅग ग्रेटिंगने (ठरावीक तरंगलांबीच परतवणाऱ्या फायबरने) गाळा. गाळलेला कोम फेज मॉड्युलेटरमधून न्या आणि मग सी (साधारण १५३० ते १५६५ नॅनोमीटर) आणि एल (त्यापुढचा) या पट्ट्यांच्या विभाजकाने दोन वाटा करा. सी पट्ट्यातल्या रेषांवरून अंतर मोजायचे, एल पट्ट्यातल्या रेषेशी १५७२ चा लेसर भिडवायचा. इथे एक खड्डा आहे: तुमचा एर्बियम ॲम्प्लिफायर सी पट्ट्याचा, १५७२ ची रेषा तो वाढवणार नाही. ती काही मायक्रोवॅटच असते. तेवढी पुरते, पण जोडण्यांमधली गळती डेसिबल-डेसिबल मोजून कमी करा.

मॉड्युलेटर का हवा? १०० गिगाहर्ट्झचे अंतर डायोडला दिसत नाही, आणि अनोळखी लेसर दोन रेषांच्या मधोमध पडला तर त्याचा बीट ५० गिगाहर्ट्झवर जातो. मॉड्युलेटर एकाच सिग्नल जनरेटरने दोन्ही सोडवतो. समजा अंतर ९९.४८ गिगाहर्ट्झच्या आसपास आहे. जनरेटर २४.८४५ गिगाहर्ट्झवर ठेवा आणि त्याला पाव ते अर्धा वॅटचा आरएफ ॲम्प्लिफायर द्या. प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंना पहिली आणि दुसरी उपरेषा उगवते. शेजारच्या दोन रेषांच्या दुसऱ्या उपरेषा मध्यावर भेटतात आणि त्यांच्यातला फरक ‘अंतर उणे चार गुणिले २४.८४५’, म्हणजे सुमारे १०० मेगाहर्ट्झ राहतो. तो साध्या २०० मेगाहर्ट्झच्या डायोडवर मोजता येतो. या वाटेवर ०.२ नॅनोमीटरचा अरुंद फिल्टर लावायला विसरू नका. पुष्कळ जोड्यांचे बीट एकत्र आले तर फायबरमधल्या विक्षेपणामुळे त्यांच्या कला वेगळ्या होतात आणि ते एकमेकांना खोडतात. बीट हरवला की शक्ती कमी पडली असे वाटते, प्रत्यक्षात डायोडवर एकाच वेळी जास्त जोड्या आलेल्या असतात.

आकड्यांनी पाहू. अंतराचा बीट १००.१२३ मेगाहर्ट्झ आला आणि जनरेटर १ किलोहर्ट्झ वाढवल्यावर तो ४ किलोहर्ट्झने घटला. म्हणजे अंतर चौपटीहून जास्त आहे आणि ते ९९.४८०१२३ गिगाहर्ट्झ. पंप १५४२.३८४ च्या रेषेवर. ३७ पावले खाली: ३७ गुणिले ९९.४८०१२३ म्हणजे ३,६८०.७६४५५१ गिगाहर्ट्झ, पंपातून वजा केल्यावर रेषा १,९०,६८८.८०४८३३ वर. तिची खालची पहिली उपरेषा १,९०,६६३.९५९८३३ वर. अनोळखी लेसर तिच्याशी ३.०५४२ गिगाहर्ट्झचा बीट देतो. लेसर वर आहे की खाली? जनरेटर १० मेगाहर्ट्झ वाढवा. उपरेषा तेवढी खाली जाईल. बीट १० मेगाहर्ट्झने वाढला, म्हणजे लेसर वर आहे. उत्तर १,९०,६६७.०१४०३३ गिगाहर्ट्झ, तरंगलांबी १५७२.३३५ नॅनोमीटर. बदल १० मेगाहर्ट्झचा घ्यायचा, १ किलोहर्ट्झचा नाही, कारण मोकळा लेसर तेवढ्या वेळात स्वतःच काही मेगाहर्ट्झ सरकतो.

पावले ३७ की ३८, आणि उपरेषा कोणती, हे ओएसए सांगतो. उपरेषा २५ गिगाहर्ट्झ, म्हणजे ०.२ नॅनोमीटर अंतरावर आहेत, त्यामुळे साध्या ओएसएलाही चूक होत नाही. मोठ्या अंतराच्या कोमचा हा फायदा फार मोलाचा आहे. २५० मेगाहर्ट्झच्या कोमला याच कामासाठी महागडा वेव्हमीटर लागतो. मात्र ओएसएचा अक्ष आधी बांधलेल्या पंपावरच तपासून घ्या.

३ गिगाहर्ट्झचा बीट ३.००० गिगाहर्ट्झच्या सिग्नलशी मिसळून ५४ मेगाहर्ट्झवर आणा, फिल्टर करा आणि मग काउंटरला (वारंवारता मोजणाऱ्या यंत्राला) द्या. १०० किलोहर्ट्झ पट्ट्यात बीट गोंगाटाहून किमान ३० डेसिबल वर हवा. त्याखाली काउंटर फेऱ्या चुकवतो आणि तरीही आकडा स्थिर दाखवतो. म्हणून तोच बीट दोन वेगळ्या फिल्टरांमागच्या दोन काउंटरांनी मोजा आणि फरक पडला तर ती नोंद टाकून द्या. सगळ्या जनरेटरांना आणि काउंटरांना एकच १० मेगाहर्ट्झचा संदर्भ, जीपीएसला बांधलेल्या दोलकाचा. गच्चीवरच्या अँटेनाच्या केबलला वीजरोधक लावा. मे महिन्यातल्या वळिवातच त्याची गरज पडते. दोन्ही बीट एकाच ट्रिगरवर, १ सेकंदाच्या गेटने (मोजणीच्या मुदतीने) मोजा. रिंग १ मिलिअंश तापली की अंतर सुमारे १.२ किलोहर्ट्झ बदलते आणि ३७ पावलांवर ते ४४ किलोहर्ट्झ होते. गेट एकाच वेळी उघडले असतील तर हा बदल हिशेबातून आपोआप वजा होतो.

मग चूक उरते कुठे? संदर्भ-दोलकाची चूक ३७ पावलांवर काही दशक हर्ट्झच. खरी चूक पंपाच्या लॉकमध्ये, १ ते काही मेगाहर्ट्झ. अहवालात तीच लिहा. काउंटरचे नऊ अंक पाहून हर्ट्झचा दावा करू नका. यापुढे जायचे असेल तर ॲसिटिलीनवर संपृक्त शोषणाने, डॉप्लर रुंदीच्या आतल्या अरुंद खाचेवर लॉक करा. चिप आणि बाकी मांडणी तशीच राहते, फक्त सेलकडचा फाटा बदलतो.

निकाल वापरण्याआधी एक चाचणी अनिवार्य समजा. १५७२ च्या जागी दुसरा लेसर आणा, तो सामान्य ॲसिटिलीनच्या १५३० नॅनोमीटरजवळच्या एखाद्या रेषेवर बांधा आणि तो जणू अनोळखी आहे असे धरून मोजा. या वेळी तो सी पट्ट्यात असल्यामुळे विभाजकाची वाट बदलेल. प्रकाशित वारंवारतेशी दोन-तीन मेगाहर्ट्झात जुळले तर मांडणी बरोबर. पाच ते वीस मेगाहर्ट्झचा फरक आला तर दोन्ही सेलचे दाब आणि खिडक्यांची परावर्तने तपासा. अगदी बीटच्या दुप्पट फरक आला तर चिन्ह चुकलेय. २४.८४५ गिगाहर्ट्झच्या पटीत आला तर उपरेषा, आणि ९९.४८ च्या पटीत आला तर पावले.